तीन चाकं, तीन आकडे : साइडकारच्या टायरमध्ये हवा किती?

हवा भरणारा विचारतो, "किती मारू?" आणि आपण सवयीने सांगतो, "पुढे पंचवीस, मागे पस्तीस." दुचाकीला हे बहुतेक वेळा चालून जातं. साइडकार जोडलेल्या गाडीला मात्र पुरत नाही, कारण तिसऱ्या चाकाचा आकडा त्यात नाहीच. मग तो अंदाजाने तिसऱ्यातही पस्तीस मारून मोकळा होतो. रिकामी साइडकार खड्ड्याखड्ड्यावर उडायला लागते, डाव्या वळणावर चाक हवेत जातं, आणि घरी आल्यावर जोडणी करणाऱ्या मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडली जातात. मिस्त्रीची चूक असेलही, पण आधी हवा बघा. पाना हातात घ्यायच्या आधी गेज हातात घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

साइडकार म्हटलं की आपल्याकडे अजूनही 1975 चा 'शोले' आठवतो. पण मराठवाड्यातल्या घरांत ती आली ती स्कूटरच्या शेजारी बसून. बजाज चेतक 1972 पासून पुण्याजवळ आकुर्डीला बनू लागली. तिला साइडकार जोडली की नवरा-बायको, दोन मुलं आणि बाजाराची पिशवी एका फेरीत घरी यायची. आता परभणीच्या रस्त्यावर अशी गाडी क्वचित दिसते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती हौसेने सांभाळली आहे, किंवा जुन्या बुलेटला नव्याने जोडून घेतली आहे. या कुळातली दुसरी गाडी मात्र गावोगाव आहे: दिव्यांग बांधव-भगिनींची, दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली स्कूटर. दोन्हींचं शास्त्र एकच आहे, म्हणून तिच्याबद्दलही पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मुळात लक्षात ठेवायचं ते एवढंच की टायरची हवा गाडीच्या नावावर ठरत नाही, त्या चाकावर पडणाऱ्या वजनावर ठरते. भार पेलते ती आतली हवा. रबर आणि धागे त्या हवेला फक्त आवरून धरतात. कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा कंपनीने दोन चाकांवर, एक किंवा दोन माणसं गृहीत धरून काढलेला असतो. तुम्ही शेजारी साठ-ऐंशी किलोची चौकट, तिचं चाक आणि तिच्यात बसणारा माणूस जोडलात की तो हिशेब मोडतो. नवा हिशेब तुम्हालाच करायचा आहे, आणि तो अवघड नाही.

आधी वजन

यासाठी परभणीसारखी सोयीची जागा नाही. मोंढ्यात अडत्याच्या दुकानासमोर क्विंटलभर पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा असतो. सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, सगळीकडे तेच. सौदे उरकल्यावर, काटा मोकळा असताना विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. ट्रकचा मोठा वजनकाटा एकूण वजनासाठी ठीक आहे, पण तो पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतो. एका चाकाला तो फार ढोबळ पडतो.

करायचं असं. एक चाक काट्यावर चढवा. उरलेल्या दोन चाकांखाली काट्याच्या उंचीइतक्याच फळ्या किंवा विटा घाला. ही पायरी टाळू नका. एक चाक चार-पाच इंच वर आणि दोन खाली असतील तर गाडी कलते आणि वजन दुसरीकडे सरकतं. मग येणारा आकडा खोटा असतो. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडलेला, हँडल सरळ. चालक नेहमीसारखा गाडीवर बसलेला, पाय वर घेतलेले. साइडकारमध्ये रोज जे असतं ते ठेवा: माणूस, दुधाचे कॅन, पोतं, जे असेल ते. काटा स्थिर झाला की आकडा लिहा आणि पुढचं चाक चढवा. तिन्ही झाली की साइडकार रिकामी करून पुन्हा एकदा तिन्ही मोजा. म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे दोन संच हाती आले.

उदाहरणादाखल जुनी 350 ची बुलेट धरू. गाडी 170 किलो, साइडकार 90, चालक 75, साइडकारमधला माणूस 65. एकूण 400. काट्यावर पुढचं चाक 115, मागचं 175 आणि बाजूचं 110 असे आकडे आले असं समजा. मागचं चाक सगळ्यांत जास्त भार घेतं हे जवळजवळ प्रत्येक जोडगाडीत दिसेल. साइडकारमध्ये बसलेल्या माणसाचं वजन सगळं साइडकारच्या चाकावर पडतं असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. मोठा वाटा त्या चाकावर जातो, पण उरलेला गाडीवर येतो आणि त्यातलाही बराचसा मागच्या चाकावर.

मग टायरची बाजू वाचा

टायरच्या बगलेवर मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. जुन्या बुलेटच्या 3.25-19 टायरवर 54 पी असं दिसेल. 54 हा भाराचा निर्देशांक, म्हणजे तो टायर जास्तीत जास्त 212 किलो पेलतो. 51 असेल तर 195 किलो, 53 ला 206, 55 ला 218, 59 ला 243. अक्षर वेगाचं आहे: जे म्हणजे ताशी 100 किलोमीटर, पी म्हणजे 150. साइडकार लावल्यावर त्या वेगाशी आपला संबंध उरत नाही, भाराशी मात्र पुरता उरतो. तिथेच बारीक अक्षरांत जास्तीत जास्त भार आणि त्यासाठी लागणारी थंड टायरची हवाही बहुतेक वेळा छापलेली असते. धूळ असेल तर ओल्या फडक्याने पुसून, बॅटरीच्या उजेडात वाचा.

समजा तुमच्या टायरवर 212 किलोला 41 पीएसआय लिहिलं आहे. मागच्या चाकावर 175 किलो आहेत. 175 ला 212 ने भागा आणि 41 ने गुणा. उत्तर 34 च्या आसपास येतं. पुढच्या चाकाच्या 115 किलोला 22, बाजूच्या 110 किलोला 21. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब प्रत्यक्ष गरजेपेक्षा थोडी जास्तच हवा सांगतो आणि चूक व्हायचीच असेल तर ती त्याच बाजूला झालेली बरी.

यात एक दुरुस्ती करायची आहे. एकटी मोटारसायकल वळणावर झुकते आणि टायर आपल्या गोल कडेवर उभा राहतो. साइडकार जोडली की झुकणं संपलं. आता वळणाचा सगळा आडवा जोर टायरच्या बगलेवर येतो, टायर रिमवर बाजूला ढकलला जातो. पुढचं चाक हँडल वळवण्याचं काम करतं, त्यामुळे ते मऊ असेल तर हँडल जड होतं आणि वळणात गाडी डुलते. म्हणून पुढच्या आकड्यात दोन-तीन वाढवा, म्हणजे 25. मागे 34 ते 36. बाजूला 22. तुमच्या गाडीचे सुरुवातीचे आकडे हे झाले. यापुढे गाडीच तुम्हाला सांगेल.

रिकाम्या साइडकारचं काय? बाजूच्या चाकावर तेव्हा 65 किलोच उरले, तर हिशेबाने साडेबारा पीएसआय येतं. तेवढ्यावर कधीही उतरू नका. ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी झाली की ब्रेक आणि वळणांच्या ओढीने टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. नट घट्ट असूनही व्हॉल्व्हची दांडी तिरकी झालेली दिसली तर ओळखा की ट्यूब सरकली आहे. माझ्या मते 18 ही खालची हद्द. रिकाम्या गाडीला बाजूच्या चाकात 18 ते 20 ठेवा. पस्तीस मारलेलं हलकं चाक खडबडीत रस्त्यावर जमिनीला टेकतच नाही. अठरा-वीसवर ते शांत चालतं. साइडकार डावीकडे असल्यामुळे डावं वळण हाच तिचा धोका आहे, रिकामी साइडकार तिथेच उचलली जाते. एकट्याने फिरणाऱ्यांनी साइडकारमध्ये, चाकाच्या बाजूला, वीस-पंचवीस किलो वाळूची पिशवी घट्ट बांधून ठेवावी. हवेच्या कुठल्याही आकड्यापेक्षा त्या पिशवीचा उपयोग मोठा आहे.

आता उलट बाजू बघा. याच गाडीवर मागच्या सीटवर आणखी एक सत्तर किलोचा माणूस बसवला तर मागच्या चाकावरचा भार सव्वादोनशेच्या पुढे जातो. टायर 212 चा आहे. इथे हवा वाढवून काही होत नाही. हवा वाढवली म्हणून टायरची क्षमता छापील आकड्याच्या पुढे जात नाही. जास्त भाराच्या निर्देशांकाचा टायर बसवा किंवा माणूस उतरवा. दुधाचंही तेच. चाळीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे नुसतं दूधच 41 किलो, वर कॅनचं वजन. असे दोन कॅन साइडकारमध्ये ठेवले तर एक दणकट माणूस बसवल्यापेक्षा जास्त झालं. तेव्हा बाजूच्या चाकाचा आकडा काट्यावर पुन्हा काढल्याशिवाय निघू नका.

परभणीचं ऊन आणि परभणीची थंडी

हवेचे सगळे आकडे थंड टायरचे असतात. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. हिवाळ्यात कृषी विद्यापीठातल्या नोंदींत पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि एप्रिल-मेमध्ये तोच चव्वेचाळीसच्या पुढे जातो. 30 पीएसआयच्या टायरमध्ये तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतं. जानेवारीत पहाटे आठ अंशाला भरलेली तीसची हवा एप्रिलच्या दुपारी बेचाळीस अंशाला, गाडी न चालवताही, पस्तीसच्या आसपास जाते. उलट मे महिन्यात नेमकी बेतलेली हवा डिसेंबरात कुठेही गळती नसताना चार-पाचने उतरलेली सापडते.

म्हणून हवा सकाळी बघायची, गाडी सावलीत उभी असताना, चालवण्याआधी. ऋतू बदलला की पुन्हा बघायची. दुपारी पेट्रोल पंपावर गेज जास्त दाखवतो म्हणून तापलेल्या टायरमधली हवा सोडणं ही आपल्याकडची सगळ्यांत मोठी चूक आहे. संध्याकाळी टायर निवला की तो गरजेपेक्षा मऊ झालेला असतो, दुसऱ्या दिवशी जास्त दबतो, जास्त तापतो, आणि मग लोक म्हणतात उन्हाने टायर फुटला. बहुतेक वेळा उन्हाच्या आधी कमी हवेने त्याची वाट लावलेली असते.

जोडगाडीत एक जादा फसवणूक आहे. गाडी भिंतीलगत उभी केली तर बाजूचं चाक उन्हात आणि उरलेली दोन सावलीत, असं होतं. काळं रबर तासाभरात तापतं. तिन्ही टायरवर हात ठेवून बघा. एक गरम लागत असेल तर आज मोजू नका.

गेज स्वतःचा घ्या. पंक्चरच्या दुकानातले गेज आपटून-धोपटून दोन-चार पीएसआयने इकडेतिकडे झालेले असतात. साधा डायलचा गेज स्वस्तात मिळतो आणि तिन्ही चाकांना तोच वापरला की निदान चाकांमधला फरक तरी खरा कळतो. जुन्या पुस्तिकेत किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर 14.2 ने गुणलं की पीएसआय मिळतं.

रस्त्यावरची परीक्षा

काट्यावरून काढलेले आकडे बरोबर आहेत का, याची परीक्षा सकाळी घ्या. दुपारकडे जाताना हवामानच तापत असतं आणि हिशेब गढूळ होतो. थंड टायर मोजून निघा, नेहमीच्या भाराने, नेहमीच्या वेगाने पंचवीस-तीस किलोमीटर जा. परभणीहून झरीमार्गे बोरीपर्यंत गेलात तरी पुरे. थांबल्याबरोबर, चहा नंतर, आधी तिन्ही टायर पुन्हा मोजा. थंडपणी 30 होती ती 33 झाली, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास वाढली, तर आकडा जमला. 36 वर गेली असेल तर टायर फार दबत आहे: हवा कमी पडते किंवा भार जास्त आहे. 31 वरच राहिली तर टायर जेमतेम दबत आहे, हवा थोडी उतरवायला जागा आहे. ती उतरवायची दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडपणी. एका चाकाची वाढ इतर दोघांपेक्षा फार वेगळी असेल तर त्या चाकाचा आकडा चुकला, हे नक्की समजा. दहा इंची चाकांच्या स्कूटरमध्ये ही वाढ थोडी जास्त दिसते, कारण तेवढ्याच अंतरात लहान चाक एकोणीस इंचीच्या दीडपट फेरे मारतं.

दुसरी परीक्षा खडूची. टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढा आणि गाडी सरळ, सपाट रस्त्यावर पन्नास पावलं चालवा. रेघ फक्त मधोमध पुसली गेली तर हवा जास्त. कडेपर्यंत सगळी पुसली गेली तर कमी. मधला बराचसा भाग गेला आणि दोन्ही कडांना बोटभर खडू उरला तर ठीक. मोटारसायकलचा टायर गोल असल्यामुळे साइडकारच्या गाडीत तो मध्येच जास्त झिजणार, हे गृहीत धरा. त्या झिजेला घाबरून हवा उतरवत बसू नका. एकाच कडेला झीज दिसली तर मात्र तो हवेचा प्रश्न नाही, साइडकारच्या चाकाचा आतला कोन किंवा गाडीचा बाहेरचा कल चुकला आहे. मिस्त्रीकडे जायची वेळ ती.

तिसरी परीक्षा हँडलची. डावीकडे साइडकार असलेली गाडी अ‍ॅक्सिलरेटर दिला की थोडी डावीकडे ओढते आणि ब्रेक दाबला की थोडी उजवीकडे. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसला की दुसरी ओढ जास्त जाणवते. हा तिचा स्वभाव आहे. पण एका वेगाने, सपाट रस्त्यावर, हात सैल सोडले तरी ती सतत डावीकडे जात असेल तर आधी बाजूच्या चाकाची हवा बघा. मऊ टायर जड फिरतो आणि गाडीला आपल्याकडे खेचतो. इथे रस्त्याचाही हात असतो. आपले रस्ते मधोमध उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने चालताना साइडकार कायम उताराच्या बाजूला राहते, थोडं वजनही तिच्याकडे सरकतं. म्हणून ओढीची परीक्षा रस्त्याच्या अगदी कडेला करू नका. वाहतूक नसलेल्या सपाट पटांगणात करा.

या कडेचीच आणखी एक गोष्ट. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे आपल्याकडे डांबर आधी कडेला तुटतं. साइडकारचं चाक नेमकं तिथून जातं: तुटलेली डांबराची धार, साइडपट्टीवरची खडी, बाभळीचे काटे, उसाच्या ट्रॉल्यांमधून पडलेले खिळे-तारा, सगळं त्याच्या वाट्याला. तिन्हींत ते चाक जास्त पंक्चर होतं, यात नवल नाही. हवा कमी असली की धारेवर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. काढलेल्या ट्यूबवर अशी जोडभोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, दोन-तीन पीएसआय वाढवा.

मुरमाच्या पाणंद रस्त्याने शेतात जायचं असेल तर हवा बदलायची गरज नाही, वेग बदला. पावसाळ्यात काळ्या रानात हवा उतरवून काही साधत नाही. वाळूत मऊ टायर पसरून तरतो. आपली चिकण माती टायरच्या नक्षीत आणि मडगार्डमध्ये गच्च भरते आणि चाकच अडवते. साइडकारचं लहान चाक तर काही पावलांतच घसरत ओढलं जातं. जून ते सप्टेंबर गाडी डांबरावर ठेवून चालत जा, हाच माझा सल्ला.

दोन्ही बाजूंना चाकं असलेली स्कूटर

या गाडीत मागे तीन चाकं एका ओळीत येतात: मधलं मूळ चाक आणि दोन जादा. इंजिनाची ताकद मधल्याकडे जाते आणि मागचा ब्रेकही बहुतेक गाड्यांत फक्त मधल्यालाच असतो. म्हणून मधलं चाक जमिनीवर नीट दाबलेलं राहणं हा चालवणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

बाजूच्या दोन चाकांत हवा जास्त झाली, किंवा मधल्यात कमी झाली, की भार बाजूच्यांवर जातो आणि मधलं चाक हलकं होतं. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. चाकोरी पडलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूची चाकं उंचवट्यांवर चढतात, मधलं खळग्यावर लोंबतं, अ‍ॅक्सिलरेटर दिला की नुसतं फिरतं आणि ब्रेक दाबला की गाडी थांबत नाही. गतिरोधकावर तिरकी चढवली तरी तेच. म्हणून मधल्या चाकात मूळ गाडीच्या पुस्तिकेतला मागच्या चाकाचा, डबलसीटचा आकडा ठेवा. बाजूच्या दोन्हींत त्यापेक्षा सहा-आठ पीएसआय कमी, पण अठराच्या खाली नाही. तिथून सुरुवात करा.

आणि बाजूची दोन्ही चाकं एकमेकांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. एकीकडे 20 आणि दुसरीकडे 26 असेल तर गाडी कायमची एका बाजूला कलून चालते, हँडल त्या बाजूला ओढतं, आणि दिवसभर ते सावरून धरताना खांदे भरून येतात. एक पीएसआयपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

तपासायची रीत साधी आहे. सपाट फरशीवर चालवणाऱ्याने गाडीवर बसावं आणि दुसऱ्याने मागून खाली वाकून बघावं. मधला टायर बाजूच्या दोघांपेक्षा स्पष्ट जास्त दबलेला दिसला पाहिजे. मोंढ्यातला काटा इथेही उपयोगी पडतो. पाच-दहा मिनिटांत मधल्या आणि बाजूच्या चाकांचा भार कळतो. मधल्यावर बाजूच्या कोणत्याही एका चाकापेक्षा कमी भार आला तर हवेने निभणार नाही, जादा चाकांची चौकट वर घ्यावी लागेल. हे काम जोडणी करणाऱ्याकडूनच करून घ्या.

ज्यांच्यासाठी ही गाडी आहे त्यांना बऱ्याचदा वाकून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणं जमत नाही, आणि पंक्चरवाला जादा चाकांमागे हात घालायचा कंटाळा करतो. यावर उपाय आहे: वाकडा व्हॉल्व्ह किंवा व्हॉल्व्हची लांब नळी बसवून घ्या. खर्च किरकोळ आहे. घरातल्या कोणीतरी आठवड्यातून एका सकाळी गेज लावायचा हे काम आपल्या अंगावर घ्यावं. ही गाडी त्या माणसाचे पाय आहेत.

जोडणी कोणतीही असो, तिची नोंद गाडीच्या आरसीवर हवी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत असे बदल परस्पर करता येत नाहीत. एमएच-22 च्या आपल्या परिवहन कार्यालयात आधी परवानगी, मग जोडणी, मग नोंद. अपघात झाला तर विम्याचा दावा या कागदावर अडतो.

टायरचं वय आणि स्टेपनी

साइडकारचा टायर फारसा झिजत नाही, म्हणून तो बदलायची आठवण होत नाही. नक्षी नव्यासारखी, पण रबर आठ-नऊ वर्षांचं, असे टायर जुन्या जोडगाड्यांवर हमखास सापडतात. बगलेवर चार आकडी संख्या शोधा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं. नक्षीच्या तळाशी अंगठ्याचं नख दाबून, टायर थोडा वाकवून बघा. केसासारख्या भेगा उघडत असतील तर टायर बदला, नक्षी कितीही उरलेली असो.

तिन्ही चाकं एकाच मापाची असतील तर फार सोय होते. मूळच्या रशियन उरल गाडीत कारखान्यातूनच चाकं अदलाबदल करता येतील अशी केलेली आहेत. जुन्या बुलेटला पुढे-मागे 3.25-19 च होतं, चेतकला दोन्हीकडे 3.50-10. साइडकारचं चाकही त्याच मापाचं निवडलं तर झिजलेला मागचा टायर आणि न झिजलेला बाजूचा टायर वेळीच बदलून घेता येतो. बदलल्यावर हवा चाकाबरोबर जाऊ देऊ नका. मागे आलेल्या चाकात मागचा आकडा, बाजूला गेलेल्यात बाजूचा. हे आकडे मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवले की पंक्चरवाल्याशी वाद उरत नाही.

चेतकसारख्या स्कूटरची रिम दोन तुकड्यांची असते आणि ते तुकडे नटांनी जोडलेले असतात. ट्यूब काढायला ते नट सोडण्यापूर्वी व्हॉल्व्हचं कोअर काढून हवा पूर्ण सोडा. आत हवा असताना नट सैल केले तर रिमचा तुकडा तोंडावर उडतो. दुकानात नवा पोरगा काम करत असेल तर शेजारी उभं राहून हे सांगा.

स्टेपनीत हवा कायम मागच्या चाकाच्या आकड्याइतकी ठेवा. तीच स्टेपनी पुढे किंवा बाजूला लावायची वेळ आली तर दहा पीएसआय सोडणं रस्त्यावर मिनिटभराचं काम आहे. भरायला मात्र पंप लागतो, म्हणून पायाने मारायचा लहान पंप आणि तुमचा तोच डायलचा गेज साइडकारच्या सीटखाली ठेवून द्या.